पुलीच्या जटांमागचा कुत्रा
हंगेरीच्या सपाट गवताळ मुलखात मेंढपाळांनी कुत्र्यांमध्ये कामे वाटून दिली होती. थोराड कोमोंदोर रात्री लांडग्यांपासून कळप राखायचा आणि लहानखुरा, चपळ पुली दिवसभर मेंढ्या हाकायचा. दोघांच्याही अंगावर जटा, पण आज घरात आणला जातो तो बहुधा पुलीच, आणि तोही जटांवर भाळून. हे मला अन्यायाचे वाटते. पिढ्यानपिढ्या निवडून जोपासलेली हाकण्याची ओढ फ्लॅटचे दार लावल्याने संपत नाही. काम न मिळालेला पुली भुंकत राहतो, पळणाऱ्या मुलांना वळवू पाहतो, आणि मग लोक त्यालाच हट्टी ठरवतात. शिवाय जटा हाताने सोडवाव्या लागतात. आंघोळीनंतर त्या वाळायला दिवस जातो, ओल राहिली तर कुबट वास येतो.

हौशी लोकांनी पाळले नसते तर ही जात उरलीच नसती, हा आक्षेप खरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विरळ झाली होती आणि १९१२ मध्ये एमिल रायचिच यांनी बुडापेस्टच्या प्राणिसंग्रहालयात तिची पैदास नव्याने सुरू केली. पण नुसते रूप जपले तर निम्माच कुत्रा वाचतो. रोज लांब फेरी, आज्ञापालनाचे खेळ, शक्य तिथे मेंढ्या हाकण्याचा सराव, एवढे देता येत असेल त्यानेच पुली आणावा.