परीक्षा शासनाची, शिकवणी बाजाराची

अलिबाग तालुक्यातील किहीम हे गाव मुंबईकरांना परिचित आहे ते त्याच्या किनाऱ्यासाठी, सुरूच्या बनासाठी आणि नारळ-पोफळीच्या वाड्यांतून उभ्या राहिलेल्या धनिकांच्या बंगल्यांसाठी. जमिनीचे मोल येथे अतोनात वाढले. परंतु लहानशा वाडीवर, मासेमारीवर किंवा तुटपुंज्या नोकरीवर चालणाऱ्या घराची मिळकत त्या प्रमाणात वाढली नाही. अशा घरातील एखाद्या मुलीने डॉक्टर होण्याचे ठरविले आणि शासकीय महाविद्यालयातील जागा थोडक्या गुणांनी हुकली, तर तिच्यापुढे मार्ग कोणते उरतात? खासगी महाविद्यालयांची फी तिच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते. मग रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान किंवा फिलिपाइन्स. वाडीचा तुकडा विकावा, कर्ज काढावे आणि मुलीला धाडावे. सहा वर्षांनी ती पदवी घेऊन परतते, तेव्हा तिला कळते की पदवी म्हणजे परवाना नव्हे.

परदेशी पदवीधरांसाठी २००२ पासून एक चाळणी परीक्षा घेतली जाते. तीनशे प्रश्न, त्यांपैकी दीडशे बरोबर आले तर उत्तीर्ण. या तीनशेपैकी १०० प्रश्न वैद्यकाच्या पायाभूत शास्त्रांवर असतात : शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांवर प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र यांवर प्रत्येकी १३, आणि न्यायवैद्यकावर १०. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकलेले, आणि पुढे रुग्णशय्येशी उभे राहिल्यावर बव्हंशी विसरलेले, ते सारे पुन्हा उजळावे लागते. बहुतेक सत्रांत दहा उमेदवारांपैकी दोघे-तिघेच ही चाळणी पार करतात. बाकीचे सहा महिन्यांनी पुन्हा बसतात, पुन्हा फी भरतात, आणि कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते.

या निकालावर दोन प्रतिक्रिया नेहमी उमटतात. एक म्हणते, ही मुले मुळातच कच्ची होती, पैशाच्या बळावर पदवी आणली, त्यांना चाळून काढले हे उत्तमच. दुसरी म्हणते, परीक्षाच अन्यायकारक आहे, ती रद्द करा. दोन्ही प्रतिक्रिया सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने तर दुसऱ्या मागणीच्या मोहात मुळीच पडू नये. कारण अर्धवट शिकलेल्या डॉक्टरचा पहिला बळी गरीब रुग्णच असतो. श्रीमंत रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आदिवासी वाडीवरच्या रुग्णाला दुसरा डॉक्टर नसतो.

पायाभूत शास्त्रांची उजळणी ही केवळ परीक्षेपुरती उठाठेव आहे, हा समजही दूर केला पाहिजे. याचे उदाहरण शोधण्यासाठी रायगड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने त्या भागात माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. रूढ उपचार लागू पडत नव्हते. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठून रुग्ण जातो, असा तो क्रम होता. हा क्रम ज्याला शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत वाचता येतो, त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो : आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारे औषध का देऊ नये? उच्च रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन त्यांनी दिले. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, जे पूर्वी शेकडा तीस-चाळीसच्या घरात होते, ते उतरत एकाच्या आसपास आले. १९८२ पासून हे काम 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकातून जगापुढे गेले. बिरवाडीत महागडी यंत्रे नव्हती. होते ते पायाभूत शास्त्राचे ज्ञान, निरीक्षण आणि रुग्णाविषयीची कणव. खेड्यातील डॉक्टरचे खरे भांडवल हेच असते.

निरीक्षणाचा विषय निघाला की किहीमचे नाव पुन्हा घ्यावे लागते. १९३० साली हाती नोकरी नसलेले सालिम अली याच गावी राहून सुगरण पक्ष्याची घरटी महिनोन्महिने न्याहाळत होते. त्या टिपणांतून सिद्ध झालेला निबंध पुढील वर्षी प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात मान्यता पावला. शास्त्र असे शिकले जाते : प्रत्यक्ष पाहून, नोंदवून, 'का' असे विचारून.

आता परवान्याच्या परीक्षेसाठी ही शास्त्रे कशी उजळली जातात ते पाहावे. शिकवणीवर्ग, ध्वनिचित्रित व्याख्याने, हजारो प्रश्नांचे संच आणि पाठांतराच्या क्लृप्त्या यांचा एक मोठा व्यवसाय देशभर उभा आहे. शिकवणारे सारेच वाईट आहेत असे नाही. काही फार उत्तम शिकवतात. परंतु बाजार विकतो ते गुण. ज्ञान विकण्याचे त्याला कारण नसते. प्रश्न येण्याचा संभव किती, यावर विषयाचे मोल ठरते. शवविच्छेदनाचा कक्ष, सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा यांचा या उजळणीशी संबंध उरत नाही. परदेशात शिकताना रुग्णाशी बोलण्याची भाषा वेगळी, म्हणून तेथेही हात चालला नाही; मायदेशी परतल्यावर महानगरातील भाड्याच्या खोलीत पडद्यापुढे बसून पुन्हा पाठांतरच. प्रश्नपत्रिका गोपनीय राखण्याच्या परंपरेने या बाजाराला अधिकच बळ दिले आहे. जे उघडपणे उपलब्ध नसते, त्याच्या तथाकथित आठवणी चढ्या भावाने विकल्या जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेचा हिशेब सरळ आहे. मापदंड शासन ठरविते, शिकवणी बाजार देतो, आणि जोखीम सर्वस्वी कुटुंबाने उचलायची. उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरचा लाभ समाजाला मिळतो. अनुत्तीर्णाचा तोटा एका घराच्या माथी बसतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. स्वतःच्या पैशाने परदेशी गेलेल्यांवर सार्वजनिक निधी का खर्चावा? आक्षेप अनाठायी नाही. परंतु ही मुले परदेशी का गेली, याचे उत्तर शासनाच्या दारातच सापडते. १९४६ च्या भोर समितीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या : पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि डॉक्टर दोन दर्जांचे नसावेत, सर्वांचे मूलभूत शिक्षण एकच असावे. त्यासाठी लागणारी सार्वजनिक गुंतवणूक मात्र दशकानुदशके झाली नाही. रायगड जिल्ह्याला अलिबागेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले तेही २०२१ मध्ये. जी उणीव शासनाने निर्माण केली, तिची किंमत एकट्या विद्यार्थ्याने का मोजावी?

एकच मापदंड सर्वांना, हे तत्त्व २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने स्वीकारले. देशातील व परदेशातील पदवीधरांना एकच अंतिम परीक्षा द्यावी लागेल, असे त्यात म्हटले आहे. २०२३ मध्ये तिची नियमावली आली आणि लगोलग परीक्षा पुढेही ढकलली गेली. तत्त्व योग्य आहे. पण समान परीक्षेचा न्याय समान तयारीवाचून पुरा होत नाही.

म्हणून मागणी परीक्षा रद्द करण्याची नसावी; ती तीन गोष्टींची असावी. प्रत्येक जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने परवाना परीक्षेच्या उमेदवारांसाठी अल्प शुल्कात उजळणीचा अभ्यासक्रम चालवावा, त्यात प्रयोगशाळा व शवविच्छेदन कक्ष खुले असावेत. त्याला जोडून आरोग्य केंद्रांत देखरेखीखाली उमेदवारी असावी, म्हणजे पुस्तकातील शरीरक्रिया आणि समोरचा रुग्ण यांची सांगड बसेल. आणि प्रत्येक परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरे जाहीर व्हावीत.

यासाठी नवे महाल उभारण्याची गरज नाही. किहीमपासून अलिबागचे महाविद्यालय दहा-बारा किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर कापण्याऐवजी त्या मुलीला आज महानगराच्या शिकवणीवर्गाची वाट धरावी लागते. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशा पदवीधरांची नोंद करावी, पालकांना एकत्र आणावे आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांपुढे हा प्रश्न मांडावा. विंचवाने दंश केलेले मूल रात्री आरोग्य केंद्रात आणले जाईल, तेव्हा त्याच्या उशाशी कोण उभे असेल, हे अशाच साध्या कामांवर ठरणार आहे.