झेबुन्निसा : कादंबरीतली आणि इतिहासातली

आमच्या गावाचे जुने नाव एदलाबाद. आता ते संत मुक्ताबाईंच्या नावाने मुक्ताईनगर झाले. रचना करणाऱ्या एका बाईचे नाव गावाला मिळाले, याचे आम्हाला अप्रूप आहे. पण सगळ्याच लिहिणाऱ्या बायांच्या वाट्याला असा मान येत नाही. आज अशाच एकीबद्दल बोलू.

औरंगजेबाची थोरली मुलगी झेबुन्निसा १५ फेब्रुवारी १६३८ रोजी दौलताबादला जन्मली. म्हणजे आपल्याच मुलखातली लेक. हाफिजा मरियम या उस्तानीने तिला शिकवले. लहान वयातच तिने कुरआन शरीफ हिफ्ज केले, तेव्हा बापाने तीस हजार अशर्फ्या बक्षीस दिल्या. पुढे तिने मोठे कुतुबखाने उभे केले, आलिमांना पदरी ठेवले. 'तफसीर-ए-कबीर'चा फारसी तर्जुमा तिच्याच आश्रयाने झाला.

आता कथा-कादंबऱ्यांतली झेबुन्निसा पाहा. बंकिमचंद्रांच्या 'राजसिंह' कादंबरीत ती मुबारकच्या प्रेमात आहे. कुणी तिचे मन आग्र्याला आलेल्या शिवाजी महाराजांवर जडवले. कुणी आकिलखानाशी नाते जोडले आणि त्याला देगेत लपवून खाली चूल पेटवली. वर्गातल्या मुलीही आम्हाला विचारतात, "टीचर, तिला प्रेमापायी कैद केलं ना?"

इतिहास वेगळे सांगतो. आकिलखान देगेत मेला नाही. तो दिल्लीचा सुभेदार होता आणि १६९६ मध्ये म्हातारपणी वारला. झेबुन्निसाला कैद झाली ती भावाला लिहिलेल्या पत्रांमुळे. धाकटा अकबर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, १६५७ मध्ये, आई दिलरास बानू वारली. तेव्हा झेबुन्निसा एकोणीस वर्षांची होती. हाच अकबर १६८१ मध्ये बापाविरुद्ध उठला. त्याचा डाव फसला, छावणीत बहिणीची पत्रे सापडली. तिचा सालीना चार लाखांचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि तिला दिल्लीच्या सलीमगडात ठेवले. अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, पुढे इराणला गेला. बहीण मात्र एकवीस वर्षे किल्ल्यातच राहिली आणि १७०२ मध्ये तिथेच वारली. त्या उन्हाळ्यात बाप विशाळगडाच्या मोहिमेवर होता. बातमी ऐकून तो रडला आणि तिच्या नावाने खैरात करायला सांगितली, अशी नोंद आहे.

अल्लामा शिबली नोमानी आणि जदुनाथ सरकार या दोघांनीही प्रेमाच्या या कहाण्या खोडून काढल्या. तरी त्या चालूच आहेत. 'मख्फी' म्हणजे लपलेली, या नावाने जो दीवान तिचा म्हणून छापला जातो, तो तिचाच का, यावरही अभ्यासकांत वाद आहे.

ऐतिहासिक कादंबरी वाचू नये, असे आम्ही म्हणणार नाही. नोंदी जिथे गप्प होतात तिथे कादंबरीकाराने बोलावे, तो त्याचा हक्कच आहे. त्या एकवीस वर्षांत ती काय वाचत असेल, भावाची खबर तिला कोण सांगत असेल, बापाबद्दल तिला काय वाटत असेल? यावर चांगली कादंबरी होऊ शकते. पण नोंद जिथे स्पष्ट बोलते तिथे ती पुसून प्रेमप्रकरण घालणे हा त्या बाईवर अन्याय आहे. आलिमांना पोसणारी, राजकारणात भावाची बाजू घेणारी, त्याची किंमत मोजणारी शहजादी मग नुसती कुणाची तरी माशूका होऊन उरते.

म्हणून माता-भगिनींनो, अशी कादंबरी घरात आली तर मुलींना जरूर वाचू द्या. सोबत एक वही आणि पेन्सिल द्या. डाव्या पानावर कादंबरीत काय आहे ते लिहायचे, उजव्या पानावर इतिहासात काय सापडते ते. उजवे पान कोरे राहिले तर मुलीला विचारा, ही गोष्ट कुणी रचली असेल, आणि का?