शनिवार तेली आणि माझी सही

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. आयटीतला मुलगा. म्हणाला, "मामा, आम्ही चार-पाच जणांनी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत प्रार्थना सुरू केलीय. पण ती पंधरा मिनिटं सोडली तर बाकी कामात विश्वास कुठे दिसतच नाही. तुम्ही सरकारी नोकरीत साक्ष कशी द्यायचात?"

म्हटलं, लिहून कळवतो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. म्हणून हा लेख. घरची मंडळी वाचतीलच. यातली एक गोष्ट त्यांनाही आज पहिल्यांदाच कळेल.

आमच्या अलिबागेत इस्राएल आळी आहे, तिथे मागेन अवोथ हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. बेने इस्राएल समाजात परंपरेने सांगतात की त्यांचे पूर्वज जहाज फुटून इथून जवळच नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुढे ते कोकणातल्या गावोगावी पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. १९४८ नंतर त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं इस्राएलला गेली. नाव मात्र अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे.

मला हे नाव फार आवडतं. त्यात धंदाही आहे आणि श्रद्धाही. त्यांनी कुणाला उपदेश केल्याचं ऐकिवात नाही. गावाला त्यांचा देव कळला तो बंद घाण्यावरून. आणि मुख्य म्हणजे त्या बंद घाण्याची किंमत त्यांची त्यांनी मोजली. आठवड्यातल्या सातापैकी एका दिवसाची कमाई, आपल्या खिशातून.

आता माझी गोष्ट.

१९९४ साल. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो आणि खारेपाटात एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. आमच्या नगरच्या मंडळींसाठी सांगतो, खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती. याच भागातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला होता. इतकी जिवापाड जपलेली जमीन! ती उभी असते एका मातीच्या बांधावर. ही माती पातळ थर देऊन, प्रत्येक थर धुमसून घालायची असते. नुसती ओतून ढीग केला तर वरून बांध सारखाच दिसतो. फरक फक्त उधाणाला कळतो.

३१ मार्चला गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार. मार्च एंड म्हणून बिलं त्याच दिवशी निघायची होती. मला नगरला पोचायचं होतं. सात उद्गारांच्या उपासनेत एका उद्गारावर मला बोलायला सांगितलं होतं. शेवटच्या टप्प्याचं धुमसण्याचं काम मी पाहिलंच नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "झालंय साहेब, तुम्ही निघा." मी एम.बी.वर, म्हणजे मोजमाप पुस्तकावर, सही केली आणि संध्याकाळची पुण्याची एस.टी. पकडली. शुक्रवारी बोललो. लोक म्हणाले, छान बोललास.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला नेमकी तिथेच खांड पडली. लावणी झालेल्या शेतात खारं पाणी शिरलं. मी गेलो तेव्हा एक म्हातारे शेतकरी बांधावर उभे होते. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "साहेब, माती घातली तेव्हा तुम्ही होतात ना?"

मी "हो" म्हणालो.

लोकांचं त्या वर्षीचं भात गेलं. पुढची दोन वर्षंही पीक धड आलं नाही. माझं काहीच गेलं नाही, पगारवाढसुद्धा वेळेवर झाली.

तर भाचेबुवा, माझं मत आता ऐका. शनिवार तेल्यानेही देवासाठी काम थांबवलं आणि मीही थांबवलं. पण त्याने स्वतःच्या खिशातून भरलं आणि मी दुसऱ्याच्या शेतातून. श्रद्धा कामात उतरली का, हे ओळखायची मला हीच एक खूण सापडली आहे. तिची किंमत कोण मोजतंय ते बघावं. आपण मोजत असू तर ठीक. दुसरा कुणी मोजत असेल तर त्या भक्तीत काहीतरी खोटं आहे.

शुभवर्तमानातला जक्कय आठव. जकातदारांचा मुखिया. प्रभू त्याच्या घरी आल्यावर त्याने नोकरी सोडल्याचा उल्लेख नाही. पण ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायला तो उभा राहिला. आणि आपल्या नगर जिल्ह्यातलेच डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे घे. १९७० साली दोघं जामखेडला आले आणि आपली डॉक्टरी त्यांनी खेड्यातल्या अशिक्षित बायकांना शिकवायला घेतली. डॉक्टर मोठा होतो तो त्याच्याजवळच्या विद्येमुळे. या दोघांनी ती वाटून टाकली. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरं दान त्याच्या आधीच होऊन गेलं होतं.

सही म्हणजेही साक्षच असते, हे मला उशिरा कळलं. त्यानंतर न पाहता सही केली नाही. ठेकेदार मला खडूस म्हणायचे. खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, ओहोटी गाठून. ओहोटीला रविवार कळत नाही. कितीतरी रविवारी मी चर्चमध्ये नव्हतो, चिखलात होतो. पाळकसाहेबांनी एकदोनदा बोलून दाखवलं. ते मी सोसलं.

रिटायर झाल्यावर त्या गावी गेलो. म्हातारे राहिले नव्हते. त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "तेव्हा सगळेच तसं करायचे, साहेब." माफीच होती ती. पण ख्रिस्ती असूनही मी 'सगळ्यां'तलाच एक, हे शब्द अजून टोचतात. जक्कयासारखं चौपट काही मी दिलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तेव्हा प्रार्थना चालू ठेव, बाबा. फक्त ती तुमच्या सुट्टीतली असू दे. आणि न तपासलेल्या कामाला "तपासलं" म्हणण्याची वेळ आली की थांब. साक्ष तिथे आहे.

असो. बाकीच्यांना काय वाटतं तेही कळवा.