तेलाची बाटली आणि सुश्रुताची शिस्त

घरात कुणाचा पाय मुरगळला, की आपल्या मराठी कुटुंबांत पहिली हालचाल होते ती फडताळाकडे. तेलाची बाटली बाहेर येते, आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळण्यास सहाण मांडली जाते, आणि आजी पदर खोचून पाय चोळावयास बसतात. आपल्या हैदराबादेत तर सल्ल्यांना तोटाच नाही. शेजारच्या तेलुगू बाई पुत्तूरच्या पट्टीचा पत्ता देतात. समोरचे खानसाहेब तालमीतल्या एखाद्या पहिलवानाचे नाव सुचवितात. या साऱ्यामागील माया खरी असते, आणि आयुर्वेदावरील श्रद्धाही. आमचे म्हणणे एवढेच, की ही श्रद्धा बहुधा बाटलीपाशीच थांबते. ग्रंथापर्यंत पोहोचत नाही.

गोंधळाचा आरंभ शब्दापासूनच होतो. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसल पेशी. व्यायामाने फुगतो तो दंडाचा भाग आपल्या लेखी स्नायू. सुश्रुतसंहितेत मात्र त्यासाठी ‘पेशी’ हा शब्द आहे. ‘स्नायू’ म्हणजे हाडाला हाड बांधणारे आणि सांधा जखडून धरणारे चिवट बंध. डॉक्टर ज्यास लिगामेंट म्हणतात आणि पाठ्यपुस्तके अस्थिबंध म्हणतात, ते यातच येतात. सुश्रुताने शरीरात नऊशे स्नायू मोजले. पैकी सहाशे हातापायांत. आजच्या शरीरशास्त्राची मोजणी निराळी आहे, हे खरे. परंतु त्याने दिलेला दृष्टांत आजही जुना झालेला नाही. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजेच नाव पाण्यावर भार वाहू शकते. तसेच सांधे स्नायूंनी बांधलेले आहेत म्हणून मनुष्य भार सोसतो. इतकेच नव्हे, तर हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा देहाला अधिक घातक, असेही तो बजावतो. आपण नेमके उलटे मानतो. हाड मोडले नाही ना, मग काही झाले नाही, असे म्हणून मोकळे होतो.

आमच्या शाळेतील एका मुलाचा अनुभव यासाठीच सांगण्याजोगा वाटतो. खो-खो खेळताना खुंटापाशी वळला आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज होऊन तो खाली बसला. तासाभरात गुडघा सुजला. क्षकिरण चित्रात हाड शाबूत दिसले, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच संध्याकाळपासून एका मालिशवाल्याकडून गरम तेलाने जोरदार मर्दन सुरू झाले. तीन आठवड्यांत सूज गेली, मुलगा चालू लागला, पुन्हा मैदानात उतरला, आणि दुसऱ्याच दिवशी गुडघा दगा देऊन निसटला. पुढे एमआरआय केला तेव्हा कळले, की गुडघ्याच्या आतील पुढचा बंध पुरता तुटला असून आता गादीही फाटली आहे. साध्या क्षकिरणांत हाड दिसते, बंध दिसत नाही. शिवाय हा बंध सांध्यातील द्रवात असल्यामुळे एकदा पुरता तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूकडील बंध मात्र पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून भरून येतो.

म्हणून पहिला धडा निदानाचा. सुश्रुताने सांध्याच्या इजेचे सहा प्रकार केले आहेत. त्यांतील ‘विश्लिष्ट’ प्रकारात सूज थोडी, पण वेदना सतत आणि सांध्याचे काम बिघडलेले. आपल्या मुरगळण्याशी याचे जवळचे नाते आहे. गुडघ्याला त्याने मर्मस्थान मानले असून तेथील आघाताने लंगडेपण येते, असे नोंदविले आहे. ज्याने इतके बारकाईने पाहिले, तो न पाहता चोळण्यास कसा सांगेल? चार पावलेही टाकता येत नसतील, हाडावर दाबताच कळ येत असेल, गुडघा तासाभरात फुगला असेल किंवा चालताना निसटत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पंजागुट्ट्याचे निम्स मुळात निझामांच्या धर्मादाय न्यासाचे हाडांचे रुग्णालय म्हणूनच सुरू झाले. आपल्या शहराला ही सोय नवी नाही.

दुसरा धडा बंधनाचा. आरंभी वडासारख्या वृक्षांच्या सालींच्या थंड काढ्याने सिंचन करावे, असे सुश्रुत सांगतो. आजचे डॉक्टरही पहिल्या दिवसांत बर्फाचा शेक देतात, गरम तेलाचे मर्दन नव्हे. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळली तर सूज व वेदना वाढतात. ती थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाचव्या आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बदलावी, असा त्याचा हिशेब आहे.

तिसरा धडा काळाचा. सांधा स्थिर होण्यास कोवळ्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने, असे तो म्हणतो. पंधरा दिवसांत पळविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींनी हे वाक्य वाचावे. पुरत्या तुटलेल्या बंधावर शस्त्रक्रिया झाल्यास खेळात परतण्यास आज नऊ महिने किंवा अधिकही थांबवितात.

चौथा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. हाताचा तळवा बरा होत असता रोग्याने आधी मातीचा गोळा धरावा, मग सैंधवाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असा क्रम सुश्रुताने घालून दिला आहे. फिजिओथेरपीत हळूहळू भार वाढवितात, त्याचेच हे बीज नव्हे काय?

मग औषधाला स्थान नाही काय? आहे, परंतु या चौकटीत. लाक्षादि गुग्गुळ, हाडसांधीचा वेल, सूज ओसरल्यावर कोमट महानारायण तेलाचा हलका अभ्यंग, ही परंपरा वैद्य चालवितात. पण त्यांनी तुटलेला बंध सांधला जातो, असे कुणी सांगितल्यास सावध असावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी गुग्गुळ परस्पर घेऊ नये. धातूंची भस्मे असलेल्या पुड्या अनोळखी माणसाकडून मुळीच घेऊ नयेत. एर्रागड्ड्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्याला ज्यांचे नाव दिले आहे ते बुर्गुल रामकृष्णराव १९५२ ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. तेथील पदवीधर वैद्यांस विचारावे, आणि डॉक्टरांनी दिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवावा. दोघांपासून एकमेकांची औषधे लपविण्याची आपली जुनी खोड मात्र सोडावी.

तेलाची बाटली फडताळातच राहू द्या. तिचा दिवस येईल. तोवर पायाखाली उशी द्या, थंड पट्टी ठेवा, आणि घरातील मुलाला किंवा सासूबाईंना विचारा, “पाय टेकवता येतो का?” त्या उत्तरावरून पुढचे पाऊल ठरवावे.