वृद्धाश्रम चालवणाऱ्याचीही परीक्षा घ्या

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन

महोदय,


औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावाच लागतो. पण तिथून आणलेली रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिन खासगी वृद्धाश्रमात कोण देते आणि त्याला त्यातले काय कळते, हे तपासणारी सक्तीची परीक्षा आपल्याकडे नाही. बंगला भाड्याने घ्यावा, कॉट मांडाव्यात, दोन मावशी ठेवाव्यात, की झाला माणूस व्यवस्थापक.

कॅलिफोर्नियातही अशी कितीतरी निवासगृहे साध्या वस्तीतल्या घरांत, सहा खाटांवर चालतात. पण तिथे प्रशासकाला 80 तासांचे प्रशिक्षण घेऊन 100 प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. शिवाय दर दोन वर्षांनी 40 तासांचे शिक्षण. अभ्यासात औषधे, स्मृतिभ्रंश, रहिवाशांचे हक्क हे सगळे येतेच. पण मला मोलाचा वाटतो तो वेगळाच भाग. कोणाला दाखल करून घ्यायचे आणि कोणाची प्रकृती आता आपल्या आवाक्याबाहेर गेली, हे कधी मान्य करायचे? आपले घोडे नेमके इथेच अडते. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेल्या आजोबांना रुग्णालयात हलवायला उशीर होतो. रात्री उठून भटकणाऱ्या आजींचे हात कॉटला बांधले जातात. बांधणारी मावशी दुष्ट असतेच असे नाही. दुसरा उपाय तिला कोणी शिकवलेलाच नसतो, आणि ज्याने शिकवायचा त्या व्यवस्थापकालाही तो ठाऊक नसतो.

कॅलिफोर्नियातही हे नियम इतके कडक सुखासुखी झाले नाहीत. 2013 साली कॅस्ट्रो व्हॅली इथल्या एका निवासगृहाचा परवाना निलंबित झाला, चालक निघून गेले, आणि मागे राहिलेल्या वृद्धांना स्वयंपाकी व सफाई कामगार या दोघांनी काही दिवस सांभाळले. पुढच्याच वर्षी कायदे सुधारले गेले. प्रशिक्षणाचे तास 40 वरून 80 झाले. परीक्षेने माया येत नाही, हे त्या दोघांकडे पाहून कोणीही म्हणेल. मान्य. पण मायाळू माणसालाही इन्सुलिनची मात्रा आपोआप कळत नाही.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा विचार करणारे 2019 चे दुरुस्ती विधेयक मात्र मंजूर न होताच लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. दिल्लीची वाट किती पाहायची?

राज्याने स्वतःची परीक्षा सुरू करावी. ती मराठीत असावी, शुल्क परवडणारे असावे आणि पदवीची अट नसावी. नाहीतर वर्षानुवर्षे निष्ठेने काम करणारी माणसेच बाहेर फेकली जातील आणि क्लासवाल्यांचे फावेल. जुन्या चालकांना आधी प्रशिक्षण द्या, मुदत द्या. त्यानंतर मात्र उत्तीर्ण व्यवस्थापकाशिवाय एकही नवा वृद्धाश्रम उघडू देऊ नका.

आपली,
वृद्धाश्रमात राहणाऱ्या एका आईची मुलगी