अल्बमची माहिती फोल्डरमध्येच हवी

गिरगाव-परळच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहताना घरोघरचे तबकड्यांचे ढीग हलतात. पुष्कळदा तबकडी हातची जाते आणि मागे उरते ती आपण संगणकावर उतरवलेली फाइल. 1990 साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली, तेव्हापासून संग्राहकांना याद्यांची शिस्त लागली. संगणकात मात्र ती आपण प्लेअरवर सोपवून मोकळे झालो.

आणि प्लेअर आपापल्या सोयीने वागतात. आयट्यून्स इंटरनेटवरून घेतलेली कव्हरे स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात ठेवत असे. फोल्डर दुसऱ्याला दिले की चित्रे मागेच. विंडोज मीडिया प्लेअर गाण्यांशेजारी 'फोल्डर.जेपीजी' लपवून ठेवी, आणि त्याच नावाचा आपला स्कॅन असला तर त्यावर स्वतःचे टिकलीएवढे चित्र चढवी.

नाट्यसंगीतवाल्यांचे हाल अधिक. एमपी3 फाइलच्या आयडी3 टॅगमध्ये 'टीपीई2' हा रकाना साथसंगतीसाठी आहे. अल्बमच्या मुख्य कलाकाराला अधिकृत रकानाच नाही, म्हणून बरेच प्लेअर हाच रकाना त्या कामी लावतात. बालगंधर्वांच्या पदांना नियमाप्रमाणे साथीला अहमदजान थिरकवा लिहा, अख्खा अल्बम थिरकवांच्या नावावर! खाँसाहेबांचा मान मोठा खरा, पण हा नव्हे. रकाना रिकामा ठेवला, तर अनेक गायकांच्या 'मानापमान'चे गायकागणिक तुकडे पडतात.

मुळात अल्बम ही नंतरची सोय. वडाळ्याच्या 'यंग इंडिया' छापाची तबकडी म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी तीनेक मिनिटे. 78च्या तबकड्यांवरची गाणी पुढे एलपी, कॅसेट, सीडी अशी संचासंचांतून फिरली. म्हणून आमचे म्हणणे असे: गायक, कवी, संगीतकार, साथीदार, मूळ तबकडीचा आणि मॅट्रिक्सचा (ध्वनिमुद्रणाच्या साच्याचा) क्रमांक हे गाण्याचे, ते टॅगमध्ये जावे, आणि साथीदार टीपीई2 टाळून शेऱ्याच्या रकान्यात. कव्हर, पाठीवरचा मजकूर, कंपनी, प्रकाशनवर्ष हे संचाचे. ते फोल्डरमध्ये, एकदाच. मजकूर युनिकोडमधल्या साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवावा, म्हणजे प्लेअर बदलला तरी वाचता येईल. कव्हरला 'फोल्डर.जेपीजी' हेच नाव द्यावे, रोमन अक्षरे सगळी लहान, कारण लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते. पण ती प्रत समजावी. मूळ स्कॅन टिफमध्ये, निराळ्या नावाने.

गाणे व्हॉट्सअ‍ॅपवर एकटेच फिरते, तेव्हा फोल्डर कुठला, असे कुणी विचारील. खरे आहे. त्यासाठी गाण्यात छोटे चित्र जरूर घाला. पाठीवरचा मजकूर मात्र बारा गाण्यांत बारा वेळा नको. एक साल चुकले, तर बारा ठिकाणी दुरुस्त कोण करणार?

नावांचा गोंधळ अजून शिल्लक आहेच. 'बालगंधर्व' आणि 'बाल गंधर्व' हे प्लेअरच्या लेखी दोन गायक. सामाईक नामसूची करायला घेतली आहे; वाचकांनी आपापल्या संग्रहातली नावे, तबकडीवर छापली आहेत तशीच, लिहून पाठवावीत.