सुराची खरेदी

आपल्या जुन्या मराठी घरांतून आता तंबोऱ्याशेजारी गिटार दिसू लागली आहे. इंदूरच्या रामबागेत काय, ग्वाल्हेरच्या लष्करात काय किंवा बडोद्याच्या दांडिया बाजारात काय, नातवंडांनी हे वाद्य हाती धरले आहे आणि प्रस्तुत लेखकाला त्याचा आनंदच आहे. परंतु या वाद्याबरोबर एक समजूतही घरात शिरली आहे आणि तिच्याशी माझे भांडण आहे. ती समजूत अशी की, उत्तम नाद ही बाजारात मिळणारी वस्तू आहे. आपल्या बोटांखाली ती अजून उमटत नाही, कारण योग्य ते साहित्य आपण अजून खरेदी केलेले नाही. हौशी गिटारवादक या नादाला ‘टोन’ म्हणतात आणि त्याच्या शोधात वर्षे व पगार दोन्ही खर्च करतात. हा शोध बहुतांशी खोटा आहे, हौसेचा तो घात करतो, आणि त्याला खतपाणी घालण्यात आपण वडीलधारी मंडळीही मागे नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. विजेवर वाजणाऱ्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला ‘पिक-अप’ म्हणतात. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह उमटतो, तो ॲम्प्लिफायरमध्ये वाढतो आणि स्पीकरमधून नाद होऊन बाहेर पडतो. वाटेत पायाने दाबावयाच्या लहान लहान पेट्या, म्हणजे ‘पेडल’, जोडता येतात. एक पेटी नाद खरखरीत करते, दुसरी प्रतिध्वनी देते, तिसरी त्याला लहरवते. तारा, पिक-अप, केबल, पेडल, ॲम्प्लिफायर, स्पीकर अशी ही साखळी आहे. साखळीची प्रत्येक कडी बदलता येते, म्हणून प्रत्येक कडीवर संशय घेता येतो. आणि एक कडी बदलली की बाकीच्या पुन्हा नव्याने संशयित ठरतात. ज्या चौकशीत आरोपी कधीच संपत नाहीत ती चौकशी बंद कशी व्हावी?

माझ्या परिचयातील एका तरुणाचे उदाहरण देतो. मुलगा हुशार, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. त्याच्याजवळ तीन गिटारी व आठ पेडले आहेत. कोणते पेडल कोणाच्या आधी जोडावे यावर तो तासभर बोलू शकतो. चार गीतांचे आरंभ त्याला येतात. अथपासून इतिपर्यंत एकही येत नाही. तो आळशी नाही. संध्याकाळचे दोन तास तो वाद्यापाशी घालवतो, पण ते दोन तास बटणे फिरवण्यात जातात. शासकीय सेवेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा आहे. काम तुंबले की पहिली मागणी नव्या कपाटाची येते. कपाट येते, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते आणि तुंबलेल्या फायली जुन्या कपाटातून नव्या कपाटात जातात.

आता ज्या नादामागे ही मंडळी धावतात त्याचा इतिहास पाहावा. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा नाद फाटून, खरखरत उमटला. कोणी तरी तो पुसून टाकण्याऐवजी ठेवला. त्या बिघाडाची नक्कल करणारी पेटी १९६२ साली बाजारात आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज चमूने तिचा वापर एका गीतात केला आणि दुकानांतील पेट्या हातोहात संपल्या. किंक्स या चमूच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर १९६४ सालच्या गाजलेल्या गीतासाठी आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला होता. म्हणजे मूळ नाद निघाला तो अपघातातून, खोडसाळपणातून आणि त्यात काही तरी सुंदर आहे हे ओळखणाऱ्या कानातून. बाजाराने त्यातला अपघात तेवढा डबीत भरला. कान डबीत भरता येत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण ब्रायन मे यांचे. हे क्वीन या चमूचे गिटारवादक. त्याच चमूचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले. घरी पैसा बेताचा, म्हणून १९६३ साली शाळकरी ब्रायन व त्याचे वडील यांनी घरीच गिटार करायला घेतली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून कोरली, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या वापरल्या, आणि वाजवण्यासाठी पुढे त्यांनी सहा पेन्सचे नाणे पसंत केले. जगभर लाखोंनी ऐकलेला तो नाद प्रामुख्याने याच एका वाद्यातून निघाला आहे. आज त्या गिटारीच्या प्रतिकृती विकल्या जातात. प्रतिकृती घेणाऱ्याला लाकडाचा व चुंबकाचा तपशील मिळतो; दोन वर्षे वडिलांशेजारी बसून एकेक भाग घासताना तयार झालेला कान मात्र त्याला मिळत नाही.

‘पण लाकडाने फरक पडतोच ना?’ असा प्रश्न येईल. आपल्या घरांतून शिसवी पलंग आणि शिसवी देव्हारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. आपल्या सह्याद्रीतील हीच शिसव जगभरच्या नामांकित गिटारींच्या पाठीला व बाजूंना वापरली जाते. ब्राझीलचे शिसवी लाकूड दुर्मीळ होऊ लागल्यावर, १९७० च्या सुमारास, अमेरिकन कारखाने तिच्याकडे वळले. ब्राझीलच्या लाकडासाठी आजही शौकीन कितीतरी पट किंमत मोजतात. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा गिटारी एकाच घडणीच्या करवून घेतल्या; फक्त पाठीचे व बाजूंचे लाकूड वेगवेगळे होते, स्वस्तही आणि महागही. बावन्न वादकांनी त्या मंद प्रकाशात, काळे चष्मे लावून वाजवल्या. महाग लाकडाला वेगळी अशी पसंती मिळाली नाही. व्हायोलिनच्या बाबतीतही २०१० साली इंडियानापोलिस येथे असेच घडले: एकवीस अनुभवी वादकांना स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी इटालियन वाद्ये आणि नवी वाद्ये न दाखवता वाजवायला दिली, तेव्हा बहुतेकांनी घरी नेण्यासाठी नवे वाद्य निवडले.

मग नवी वस्तू आणल्यावर आपला नाद सुधारल्याचे वादकाला खरोखर जाणवते, ते का? कारण तो सुधारलेलाही असतो. नव्या वस्तूच्या उत्साहात माणूस आठ दिवस रोज दोन तास मन लावून वाजवतो. श्रेय रियाजाचे असते आणि पावती पेडलच्या नावाने फाटते. नवव्या दिवशी उत्साह ओसरतो, नाद पूर्ववत होतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

साहित्याला काहीच महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर नवशिक्याची बोटे सोलून निघतात. पडदे चुकीच्या जागी असतील तर कान बिघडतो. तंबोऱ्याची जवारी बसलेली नसेल तर गवयाचे चित्त लागत नाही, हे आपणांस सांगायला नको. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या गावातील कारागिरांच्या पिढीजात हातांना मिळाले. पण जवारी म्हणजे काय? घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित किंचित घासायचा, तार लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुताचा धागा सरकवीत नादाचे तोंड उघडायचे. हे सगळे ऐकण्याचे काम आहे. देवासला कुमार गंधर्वांचे तंबोरे लागत असत तेव्हा जाणकार ते लागणेच ऐकत बसत. तेव्हा साधे, धड बांधणीचे वाद्य घ्यावे, जाणत्या कारागिराकडून त्याच्या तारांची उंची व घोडी नीट करून घ्यावी, आणि खरेदीचे प्रकरण तेथे नस्तीबद्ध करावे.

त्यानंतरचा नाद हातात आहे. ज्याला शंका असेल त्याने एकच तार घोडीजवळ छेडून पाहावी. नाद पातळ व धारदार येईल. तीच तार मध्याकडे छेडावी. नाद गोल व मऊ होईल. नखाने छेडावी की बोटाच्या मांसल भागाने, यावर स्पेनमध्ये थोर वादकांचे मतभेद होते: फ्रान्सिस्को तारेगा यांनी उत्तरायुष्यात नखे सोडली, तर आंद्रेस सेगोव्हिया यांनी नखांचाच पुरस्कार केला. या वादात कोणालाही एक पैसाही खर्च करावा लागला नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यातील अनेक ज्येष्ठ गिटार पाहून नाक मुरडतात, ‘परकी वाद्य’ म्हणतात. पेटी तरी कोठे आपली होती? आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे तिला दूर ठेवले. आज तिच्याविना आपली मैफल उभी राहत नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून याच गिटारीवर राग वाजवला आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरासिया यांच्यासह केलेली त्यांची ध्वनिमुद्रिका अजून ऐकली जाते. तेव्हा परकेपणाची तक्रार टिकत नाही. नाक मुरडणारे हेच ज्येष्ठ वाढदिवसाला मात्र नातवाला नवे पेडल घेऊन देतात. पैसे देणे सोपे असते. शेजारी बसून ‘पुन्हा वाजव, मघाचा गंधार उतरला होता’ असे म्हणणे अवघड असते, कारण त्यासाठी अर्धा तास बसून ऐकावे लागते. आपल्या संस्थांचेही तेच. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेसाठी देणगी मिळते, कारण यंत्रणेवर देणगीदाराचे नाव लिहिता येते. संगीतशिक्षकाच्या मानधनासाठी मिळत नाही, कारण शिक्षकावर नाव लिहिता येत नाही.

यात नुकसान कोणाचे? मैफली कलावंतांचे नव्हे. ते आपले पाहून घेतील. नुकसान हौशी माणसाचे आहे. दूर प्रांतात येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी दोनशे वर्षे संगीत जपले ते दिवसभर कचेरीत, शाळेत, दुकानात राबून संध्याकाळी पेटी उघडणाऱ्या माणसांच्या बळावर. त्यांच्याजवळ बहुधा एकच वाद्य असे आणि त्याचे सगळे गुणदोष त्यांना पाठ असत. तो माणूस नाहीसा होऊन त्याच्या जागी नुसता ग्राहक उरला, तर घरातील संगीत संपेल आणि कपाटे भरलेली राहतील.

म्हणून गिटार शिकणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, एक वर्ष काहीही विकत घेऊ नका. सगळी पेडले पेटीत ठेवा, एक गिटार बाहेर राहू द्या आणि वर्षभरात बारा गीते अथपासून इतिपर्यंत बसवा. पेडलचे पैसे शिक्षकाला द्या. आणि ज्येष्ठांनी महिन्यातून एक संध्याकाळ, दूरदर्शन संच बंद करून, ती गीते शेवटपर्यंत ऐकावीत. आपल्या मंडळाने आपले सभागृह या कामासाठी महिन्यातून एकदा विनाशुल्क उघडावे, असा प्रस्ताव मी वार्षिक सभेपुढे मांडणार आहे. त्याला विरोध करणाऱ्यांनी आपली कारणे कृपया याच पत्रिकेत लिहावीत.